मसाला थिजला काय?

आमची तुकडी त्या नाल्यावर पोहोचली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि बर्फ वरच्या कड्यावरून खाली उतरायला लागलं होतं. डोंगर कुठला, सेक्टर कुठला, ते सांगणार नाही. ते सांगायचं नसतं. मी तेव्हा इंजिनियर्समध्ये हवालदार होतो. आमच्यात जवानाला सॅपर म्हणतात. सॅपरनं पूल बांधायचे, रस्ते उघडायचे, सुरुंग काढायचे, आणि उरलेल्या सगळ्या वेळात भोकं पाडायची. माझी बरीचशी नोकरी ड्रिल मशीनच्या मागे गेली.

हे लोकांना आवडत नाही. निवृत्त होऊन लाखनीला घर केलं, तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला कोणीतरी मला शाळेत नेतो, अंगावर शाल टाकतो आणि हातात माईक देतो. मग पहिल्या रांगेतला एखादा पुढारी, ज्यानं बंदूक सोडाच, उभ्या जन्मात कुदळही धरली नसेल, डोळे बारीक करून विचारतो, "कितीक मारले जी, साहेब?" मी सांगतो, एकही नाही, भोकं मात्र पुष्कळ पाडली. लोक हसतात. त्यांना वाटतं, फौजी मजेदार माणूस दिसतो. मग चिवडा येतो आणि कार्यक्रम संपतो. ज्यांना गोळीबारच पाहिजे त्यांनी टीव्ही लावावा. मी भोकांबद्दलच लिहिणार आहे, कारण माझा माणूस त्यांच्यापायीच गेला.

काँक्रीटच्या भिंतीत लोखंडी बोल्ट पक्का बसवायचा असेल तर आमच्याकडचे लोक काय करतात ते मी रोज पाहतो. हातोड्यानं ओबडधोबड खड्डा पाडतात, त्यात लाकडाची खुंटी ठोकतात किंवा सिमेंट कोंबतात, वर दोन बादल्या पाणी मारतात आणि तंबाखू मळायला बसतात. हायवेवरचे निम्मे बोर्ड असेच टांगले आहेत. वारा सुटला की मी त्यांच्याखालून जात नाही.

फौजेत आम्ही रेझिन अँकर करायचो. रेझिन म्हणजे एक प्रकारची राळ. एका नळकांड्यात दोन कप्पे असतात, एकात राळ आणि दुसऱ्यात तिला कडक करणारं औषध. नळकांडं बंदुकीसारख्या हत्यारात घालून दाबलं की दोन्ही पुढच्या नळीत मिसळून बाहेर येतात. पहिली धार फेकून द्यायची, कारण ती नीट मिसळलेली नसते. रंग एकसारखा झाला की मगच भोकात भरायचं, तेही तळापासून, म्हणजे आत हवा राहत नाही. त्याआधी भोक साफ करायचं. पंपानं हवा मारायची, तारेच्या ब्रशनं घासायचं, पुन्हा हवा मारायची, आणि आतून धूळ येईनाशी होईपर्यंत हेच चालू ठेवायचं. धूळ राहिली तर बोल्ट भिंतीला चिकटत नाही, धुळीला चिकटतो. मग बोल्ट गोल फिरवत आत सरकवायचा. आणि त्यानंतर हात लावायचा नाही.

हे शेवटचं काम सगळ्यात अवघड. माणसाला हात न लावता बसणं जमत नाही, आणि त्यातून साहेब माणसाला तर नाहीच नाही. उन्हाळ्यात आपल्या भागात हा मसाला चहा होईपर्यंत कडक होतो. थंडीत तो आपल्या मर्जीनं वेळ घेतो. त्या नाल्यावर दिवसाही पाणी गोठायचं. तिथे नळकांडी आम्ही कोटाच्या आत, छातीशी धरून ऊबेत ठेवायचो, आणि आज बसवलेल्या बोल्टवर उद्या सकाळीच वजन टाकायचं असा कायदा होता. कायदा मी केला नव्हता. तो मसाल्याचा होता आणि मसाल्याला रँक कळत नाही.

'मसाला' हा शब्द माझ्या हाताखालच्या नाईक सुखदेव मारबतेनं आणला. सुखदेव लाखांदूरकडचा, तलावाच्या पाळीवरल्या, म्हणजे बांधावरल्या गावचा. घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. माझ्या घरी हातमाग. भंडारा जिल्ह्याचे आम्ही दोघेच त्या कंपनीत होतो, त्यामुळे तो मला साब कमी आणि भाऊ जास्त म्हणायचा. बुटका, रुंद खांद्यांचा, आणि जेवणाबद्दल कायम नाराज. मेसच्या पोळ्यांना तो ढालीचं कातडं म्हणायचा. भात मिळाला की त्याचा दिवस चांगला जायचा.

भोकात मसाला भरला की थोडासा आम्ही डब्याच्या झाकणावर ठिपक्यासारखा काढून ठेवायचो. तो नमुना. झाकण बोल्टच्या शेजारीच ठेवायचं, म्हणजे दोघांना थंडी सारखी लागते. वेळ भरत आली की सुखदेव त्या ठिपक्यात अंगठ्याचं नख दाबून पाहायचा. नख रुतलं तर नाही म्हणून मान हलवायचा. नाही रुतलं तर वर बघून म्हणायचा, "थिजला."

हिवाळ्यात ताटलीतलं तूप थिजतं, तसा मसाला थिजला. आमच्या गावातल्या कोणत्याही बाईला कळेल असा शब्द. तो पूर्ण तुकडीनं उचलला. पंजाबातला सॅपर म्हणायचा "थिजला जी." आमचा वायरलेस ऑपरेटर मुरुगन तमिळनाडूचा, त्याच्या तोंडून "तिजला" यायचं. रेडिओवरही तेच जायचं. "अल्फा, ब्रावो. थिजला क्या? ओव्हर." "ब्रावो, अल्फा. थिजला नहीं. कल. ओव्हर." कधी गैरसमज झाला नाही, कारण अख्ख्या फौजेत त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता.

मग नवे मेजरसाहेब आले.

त्यांचं नाव लिहीत नाही. आम्ही त्यांना आपसात 'प्रॉपर' म्हणायचो. प्रॉपर ड्रेस, प्रॉपर रिपोर्ट, प्रॉपर चहा. त्यांच्या तंबूत आरसा होता आणि त्या उंचीवरही त्यांच्या पँटची इस्त्री मोडत नसे. ती कशी राखायचे हे मला अजून कळलेलं नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. काँक्रीटमधलं त्यांना काही कळत नव्हतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, सगळ्यांना सगळं कळत नसतं. पण न कळणारा माणूस गप्प तरी बसतो. हे बसत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी रेडिओवर आमचं बोलणं ऐकलं आणि सगळ्यांना फॉल-इन केलं, म्हणजे रांगेत उभं केलं.

"ये थिजला क्या चीज है?"

सुखदेवनं सांगितलं.

"नाईक, ये तुम्हारा गाँव नहीं है. वायरलेस नेट पे प्रॉपर वर्ड चलेगा. रेझिन सेट होता है. बोलो, सेट."

"सेट, सर."

"सब बोलो."

सगळे बोलले. सुखदेव रात्रीच्या जेवणाला माझ्याशेजारी बसला आणि भातात बोटं फिरवत म्हणाला, "भाऊ, सेट तं मुरुगनच्या पाठीवर रायते ना जी?"

हे नागरी वाचकाला समजावून सांगितलं पाहिजे. फौजेत 'सेट' म्हणजे वायरलेस सेट. ऑपरेटर सकाळी डोळे उघडतो तेव्हापासून पलीकडचा विचारत असतो, "सेट ओके?" आणि हा उत्तर देतो, "सेट ओके." थंडीनं बॅटऱ्या मरतात, म्हणून दिवसभर हेच चालतं. ऐकणाऱ्याच्या कानावरून ते वाऱ्यासारखं जातं. मी साहेबांना तसं बोललोही. त्यांनी मला सांगितलं की इंग्रजीत एका शब्दाला अनेक अर्थ असतात आणि संदर्भावरून ते कळतात. सुशिक्षित माणूस. मी सॅल्युट केला आणि बाहेर आलो.

काम असं होतं. नाल्याच्या पलीकडे आमची एक छोटी पोस्ट होती. तिला जायचा पाऊलपूल दरडीनं नेला होता. आता तिथे रेशन न्यायला आणि कोणी आजारी पडला तर त्याला आणायला तारेवरची ट्रॉली बसवायची होती. अलीकडच्या काठावर विंच, म्हणजे तार गुंडाळून ओढणारं यंत्र, आणि पलीकडे जुन्या बंकरची काँक्रीटची भिंत. त्या भिंतीच्या तोंडावर चार बोल्टांनी लोखंडी प्लेट बसवायची आणि प्लेटला तार. ट्रॉलीचं सगळं वजन त्या चार भोकांवर येणार होतं.

पलीकडे जायला वरच्या अंगानं बर्फावरून लांब फेरा होता. मी, मुरुगन आणि दोन सॅपर तिकडे गेलो. रेडिओवर आम्ही अल्फा आणि अलीकडचा काठ ब्रावो. सुखदेव अलीकडे राहिला, कारण विंच आणि ट्रॉली त्याच्या ताब्यात होती. पोस्टवाल्यांनी आम्हाला चहा दिला आणि आम्ही कामाला लागलो. भोकं पाडली, साफ केली, मसाला भरला, बोल्ट फिरवत बसवले, प्लेट चढवली. झाकणावर नमुना काढला. मग साहेबांचा हुकूम आला की तारही आजच प्लेटला अडकवून ठेवा, उद्याचा वेळ वाचेल.

मी मुरुगनकडून सेट घेतला आणि स्वतः बोललो. "ब्रावो, अल्फा. तार ढीली रहेगी. कल सुबह तक लोड नहीं. आय से अगेन, कल सुबह तक लोड नहीं. ओव्हर."

"रॉजर," साहेब म्हणाले.

'रॉजर' म्हणजे ऐकलं आणि समजलं. हा शब्दही प्रॉपरच आहे.

तार आम्ही ढिली अडकवली. नाल्यावर ती लुगडी वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबत होती. प्लेटवर मी लाल फडकं बांधलं. मुरुगन वाऱ्यापासून वाचायला बंकरच्या मागच्या बाजूला बसला, कारण बॅटरी पुन्हा मान टाकायला लागली होती. दुपारी त्यानं ती बदलली.

यानंतर अलीकडच्या काठावर जे झालं ते मला तिथल्या जवानांनी सांगितलं. ते मी पुष्कळदा आणि वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे, आणि त्यात फरक पडलेला नाही.

जनरलसाहेब दुसऱ्या दिवशी ट्रॉली पाहायला येणार होते. हवा बिघडणार असा अंदाज आला, म्हणून ते त्याच दुपारी येऊन ठेपले. सोबत फोटोवाला. मेजरसाहेबांच्या कपाळावर घाम आला म्हणतात, त्या थंडीत. ट्रॉली तयार आहे असं त्यांनी वर आधीच कळवून टाकलं होतं. त्यांनी त्या काठावरच्या ऑपरेटरच्या हातातून हँडसेट घेतला आणि विचारलं,

"अल्फा, ब्रावो. सेट ओके? ओव्हर."

बंकरच्या मागे मुरुगननं नुकतीच बॅटरी बदलली होती. बॅटरी बदलल्यावर जो प्रश्न येतो तोच आला. त्यानं उत्तर दिलं,

"ब्रावो, अल्फा. सेट ओके. ओव्हर."

मेजरसाहेबांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. मघाशी स्वतः 'रॉजर' म्हटलेलं त्यांनी आठवायला हवं होतं. पण जे ऐकायचं होतं ते कानावर आलं होतं, आणि अशा वेळी ही माणसं आठवत बसत नाहीत.

नव्या ट्रॉलीत पहिल्या फेरीला वाळूची पोती पाठवतात. पोती भरून ठेवलेलीही होती. पण वाळूच्या पोत्याला नाल्याच्या मधोमध उभं राहून सॅल्युट ठोकता येत नाही, आणि फोटोवाल्याला पोत्याचा फोटो काय कामाचा? साहेब म्हणाले, "मारबते, तुम जाओगे."

सुखदेवनं सेफ्टी बेल्ट बांधला. बांधता बांधता तो विसरला की नवा शब्द वापरायचा आहे. किंवा विसरला नसेल. त्यानं विचारलं,

"सर, मसाला थिजला क्या?"

जनरलसाहेबांनी मेजरकडे पाहिलं. मेजरसाहेब लाल झाले.

"सेट ओके है. सुना नहीं? चलो."

तो चढला. माझी नोकरी फौजेत गेली आहे, म्हणून तो का चढला हे मला कोणी विचारू नये. ट्रॉलीवर चढणं हे त्याचं काम होतं, आणि खरं उत्तर देणं हे दुसऱ्याचं.

मला विंचचा आवाज आला. मी प्लेटपासून थोड्या अंतरावर, दगडाच्या आडोशाला उभा होतो. आधी वाटलं, इंजिन चालवून पाहतायत. मग तार वर उठायला लागली. लोंबलेली तार सरळ होताना मी पाहिली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला ट्रॉली काठावरून सुटली, त्यात माणूस होता.

मी बंकरच्या मागे धावलो. "मुरुगन! रोको बोल! रोको!"

"ब्रावो, रोको, रोको, रोको!"

विंच थांबलं. ऐकणारा जवान चांगला होता, त्यानं लगेच थांबवलं. पण तोवर तार ताणली गेली होती आणि ट्रॉली पुढे सरकली होती. मी वळून प्लेटकडे आलो तेव्हा वरचे दोन बोल्ट भिंतीतून बाहेर येत होते. तुटत नव्हते. अर्ध्या आटलेल्या पाकातून चमचा निघावा तसे सावकाश, चिकट, बाहेर येत होते. मी प्लेटला हात घातला. ते वजन माणसाच्या हातानं पेलण्यासारखं नसतं हे मला ठाऊक होतं, तरी घातला. मग खालचे दोन निघाले आणि सगळं माझ्यासमोरून नाल्यात गेलं.

सुखदेवनं मला पाहिलं होतं. अलीकडच्या काठावरचे म्हणतात, त्यानं हात वर केला होता. सॅल्युट होता की मला काही सांगत होता, ते मला माहीत नाही. फोटोवाल्यानं तो फोटो घेतला असेल तर त्यालाच माहीत.

तलावावर वाढलेला माणूस. दम धरून पाण्याखालून जाळं सोडवून आणायचा. पण तो नाला म्हणजे तलाव नव्हता. खालच्या पोस्टवाल्यांना तो दुसऱ्या दिवशी सापडला. त्याच सकाळी मी बंकरपाशी गेलो, तेव्हा झाकण जिथल्या तिथे होतं. मी नख दाबून पाहिलं. ठिपका दगडासारखा झाला होता, जेव्हा व्हायचा होता अगदी तेव्हा. मी तिथेच बसलो आणि रडलो. दोन्ही सॅपर पाठ फिरवून उभे राहिले.

चौकशी झाली. चौकशीत तीन अधिकारी होते आणि तिघांचीही इस्त्री छान होती. निष्कर्ष असा निघाला की ऑपरेटरचं उत्तर संदिग्ध होतं. ज्यानं शब्द बदलला तो संदिग्ध नव्हता. ज्यानं पोती सोडून माणूस पाठवला तोही नव्हता. मुरुगनला शिक्षा झाली. मेजरसाहेबांची बदली झाली आणि कालांतरानं बढतीही. आता ते कुठल्याशा कंपनीत कामगारांना सुरक्षिततेवर व्याख्यानं देतात असं ऐकतो. त्यात स्लाइडही दाखवत असतील, प्रॉपर.

सुट्टीवर आलो तेव्हा मी सुखदेवच्या गावी गेलो. त्याचे वडील बुधाजी पाळीवर जाळं विणत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. सांगायचं नसतं, तरी सांगितलं. ते जाळ्यातून नजर न काढता ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे त्यानं इचारलं होतं."

"हो, बाबा."

"अन् त्याले खोटं सांगतलं."

"हो."

त्यांनी जाळ्याची पुढची गाठ मारली. सुखदेवच्या आईनं मला भात वाढला.

गेल्या हिवाळ्यात गावानं त्याच्या नावाचा दगड लावायचं ठरवलं. इतकी वर्षं कोणाला आठवण नव्हती. निवडणूक जवळ आली आणि सगळ्यांना एकदम देशप्रेम सुटलं. तलावाच्या पाळीवर काँक्रीटची छोटी भिंत उभी केली, तिच्यावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी, चांगली जड, माणसाच्या छातीच्या उंचीवर. खाली बसायला ओटा. अनावरणाला, सुखदेव गेला त्याच तारखेला, एक मोठे पुढारी येणार होते. मला बोलावलं ते शाल द्यायला.

मी आदल्या दिवशीच गेलो, कारण मला या लोकांचं काम माहीत आहे. ठेकेदार पांढरे बूट घालून चिखलात उभा होता. मी विचारलं, बोल्ट कसे बसवले?

"रेझिननं बसवले जी. एकदम फॉरेनवाला माल. तुमचंच ऐकून आणला."

मी एक बोल्ट दोन बोटांत धरून ओढला. तो हातात आला, अंगभर राखाडी भुकटी लावून. भोक झाडलंच नव्हतं. दुसरा ओढला, तोही आला. ठेकेदार म्हणाला, "काहून ओढता जी? दगड लागल्यावर कोण ओढून राहिलं त्याले?"

या माणसाला लाज नावाची गोष्ट कोणी शिकवली नव्हती. मी त्याला म्हटलं, दगडावर ज्याचं नाव आहे त्याचा बाप या ओट्यावर बसणार आहे. तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, साहेब."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी लाखनीहून माझं ड्रिल, पंप, ब्रश आणि नळकांडी घेऊन आलो. नवी भोकं पाडली, साफ केली, मसाला भरला, दगड चढवला. खालून बांबूचे टेकू लावले. बुधाजी कांबळं पांघरून ओट्याच्या टोकाला बसून पाहत होते. तलावावर धुकं होतं आणि चांगलीच थंडी होती. मी झाकणावर ठिपका काढला आणि सगळ्यांना सांगितलं की जेवणवेळेपर्यंत टेकूला हात लावायचा नाही.

पुढारी सकाळीच आले. त्यांना नंतर साकोलीला दुसरा कार्यक्रम होता. गाड्या, हार, माईक, घोषणा. फोटोवाला पुढे आला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे बांबू काढा ना जी. फोटोत बेकार दिसून राहिले."

ठेकेदार लगेच टेकूकडे निघाला. मी आडवा आलो.

"सेट झाला ना जी आता?" तो म्हणाला. "कितीक वेळ लागते? पाहुणे थांबून राहिले."

पुढारी हसत म्हणाले, "हवालदारसाहेब, तुमची शिस्त मले मान्य आहे. पण फकस्त फोटोपुरते काढा. मंग लावा वापस."

फोटोपुरते. मी टेकूसमोरून हललो नाही. तेवढ्यात बुधाजी उठले. कांबळं सावरत भिंतीपाशी आले आणि माझ्याकडे वळले. माईक चालू होता, त्यामुळे सगळ्या पाळीवर ऐकू गेलं.

"मसाला थिजला काय?"

मी झाकण उचललं. अंगठ्याचं नख दाबलं. रुतलं.

"नाही थिजला, बाबा."

"माया पोरानं हेच इचारलं होतं," ते पुढाऱ्याला म्हणाले. "त्याले कोनी खरं नाही सांगतलं. मले सांगतलं. आता थिजत वरी बांबूले कोनी हात लावाचा नाही. तुमाले घाई असन तं तुमी जा जी."

आणि ते टेकूला पाठ लावून खालीच बसले.

पुढाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. मग बुधाजींना लांबूनच हात जोडले, फोटोवाल्यानं हात जोडल्याचा फोटो घेतला आणि गाड्या धूळ उडवत साकोलीकडे गेल्या. त्यांच्यामागे ठेकेदार गेला, सरपंच गेले, माईकवाला माईक काढून गेला. हार टेबलावर राहिले. पाळीवर आम्ही मोजकीच माणसं उरलो, बुधाजी, सुखदेवची आई, जाळी टाकून आलेले शेजारी आणि मी. कोणीतरी चुलीवर चहा ठेवला. पाटीवरचा पडदा तसाच होता, तो काढायची कोणाला आठवणही झाली नाही.

धुकं गेलं, ऊन वर आलं. मी मधूनमधून झाकण पाहत होतो. जेवणवेळ झाली तेव्हा मी ते बुधाजींच्या हातात दिलं. जाळं विणून विणून त्यांच्या अंगठ्याचं नख जाड झालेलं होतं. त्यांनी ते ठिपक्यावर जोर लावून दाबलं. पुन्हा दाबलं. मग झाकण सुखदेवच्या आईकडे दिलं. तिनंही दाबून पाहिलं.

मी टेकू एकेक करून काढले. दगड हलला नाही. सुखदेवच्या आईनं पडदा बाजूला केला, नावावरून पदर फिरवला आणि ओट्यावर दगडाला टेकून बसली.

खिशात फोन वाजला. मुरुगन. दरवर्षी सुखदेव गेला त्या तारखेला तो फोन करतो. या वेळी मीच त्याला दगडाबद्दल आधी कळवलं होतं. शिक्षेनंतर त्यानं फौज सोडली, आता गावी दुकान चालवतो. पण युनिटमधल्या ओळखीच्या पोरांकडून त्याला कळतं की तिथे अँकरसाठी आजही 'सेट' कोणी म्हणत नाही. मराठी येत नसलेली पोरंही म्हणत नाहीत. शब्द कुठून आला हे त्यांना माहीत नाही.

तिकडून आवाज आला, जुन्या पद्धतीचा, हळू, एकेक शब्द तोडून.

"अल्फा, ब्रावो. तिजला क्या? ओव्हर."

मी फोन बुधाजींच्या तोंडाशी धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे.

"थिजला," ते म्हणाले.